दिवा कर्तव्याचा, कारंजं हौसेचं: बाजाराच्या रस्त्यावर सार्वजनिक पैसा कसा खर्च होतो?



सहावीच्या नागरिकशास्त्रात 'शहरी स्थानिक शासन संस्था' हा पाठ आहे. पाठ तसा छोटा. नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका, त्यांची आवश्यक कामं आणि ऐच्छिक कामं. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. हा पाठ शिकवताना एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, नागपूरले मोठेमोठे फवारे हायेत. आपल्या कुरखेड्याच्या बाजारात कायले नाही जी?" त्याच्या शेजारच्या बाकावरची मुलगी लगेच बोलली, "फवारा कायले पायजे? पहिले लाईट पायजे. माझी माय खेड्यावरच्या बाजारात बॅटरी लावून भाजी विकते."

वर्गात हशा पिकला. पण मला वाटलं, अख्खा पाठ या दोन वाक्यांत आला. रस्ता सुंदर असावा, ही इच्छा चुकीची नाही. आणि अंधारात तराजू धरून बसलेल्या बाईला उजेड हवा, ही गरजही खरी. पैसा मात्र एकाच पिशवीतला आहे. ती पिशवी कोणाची, त्यात पैसा येतो कुठून आणि आधी काय करायचं हे ठरतं कसं, ते आज आपण समजून घेऊ.

कायदा काय म्हणतो?

१९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि शहरी स्थानिक संस्थांना संविधानात स्थान मिळालं. या दुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. तिच्यात १८ विषय आहेत. सतराव्या विषयात सार्वजनिक सुखसोयी येतात: रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे, स्वच्छतागृहं. बाग-बगिचे आणि खेळाची मैदानं बाराव्या विषयात आहेत.

आपल्या राज्यात नगरपंचायतीचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने चालतो. त्याच्या कलम ४९ मध्ये नगरपंचायतीची कामं दिली आहेत. आवश्यक कामांच्या यादीत अगदी सुरुवातीलाच सार्वजनिक रस्ते, जागा आणि इमारती यांवर दिवाबत्ती करणं येतं. बगिचे, वाचनालयं, संग्रहालयं यांसारखी कामं ऐच्छिक यादीत आहेत. कारंजं हे बगिच्याच्या घरचं, म्हणजे ऐच्छिक.

मुलांना मी असं सांगते: घरात आधी डाळ-तांदूळ भरायचे, उरलेल्या पैशांत दिवाळीचं आकाशकंदील आणायचं. आकाशकंदील वाईट नाही. पण डब्यात तांदूळ नसताना तो आणला, तर आई काय म्हणेल? मुलं लगेच उत्तर देतात.

पैसा येतो कुठून?

कुरखेडा २०१५ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ग्रामपंचायतीच्या काळातल्या घरपट्टीच्या पावत्या असतील. त्या नीट बघा. आसपासच्या गावांत आजही त्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' असा वेगळा रकाना असतो. म्हणजे खांबावरच्या त्या दिव्यासाठी आपण थेट पैसे देतो. तो फुकटचा नाही आणि कोणाच्या मेहेरबानीचाही नाही.

बाजाराच्या रस्त्यावरच्या कामासाठी साधारण चार ठिकाणांहून पैसा येऊ शकतो.

पहिलं, स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, आठवडी बाजारात बसणाऱ्यांकडून घेतलेली बाजार फी.

दुसरं, केंद्राच्या वित्त आयोगाचं अनुदान. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे. पगारावर मात्र तो खर्च करता येत नाही.

तिसरं, राज्याच्या योजना आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी. नगरोत्थान महाअभियान हे नाव आपण कामाच्या फलकांवर वाचलेलं असतं.

चौथं, आमदार आणि खासदार यांचा स्थानिक विकास निधी. दोन्ही वर्षाला ५ कोटी रुपये. पण हा निधी पूर्ण मतदारसंघासाठी असतो, एका चौकासाठी नाही.

आता एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. वरून येणारा पैसा बहुतेक वेळा काम उभं करण्यासाठी असतो. याला भांडवली खर्च म्हणतात. दर महिन्याचं वीजबिल, जळालेला दिवा बदलणं, पंप दुरुस्त करणं, टाकी धुणं हा महसुली खर्च. तो शेवटी गावाच्याच गळ्यात पडतो. खासदार निधीतून काम घेतानाही त्याची पुढची देखभाल कोण करणार, हे आधी लिहून द्यावं लागतं.

मुंबईच्या बाजारातली गोष्ट

दिवे आणि कारंजं दोन्ही असलेल्या एका बाजाराची खरी गोष्ट सांगते. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा ज्योतिबा फुले मंडई, १८६९ मध्ये बांधून पूर्ण झालं. शहराचे पहिले महापालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव त्याला दिलं होतं. आतल्या कारंज्यासाठी दानशूर कावसजी जहांगीर यांनी देणगी दिली. ते निव्वळ शोभेचं नव्हतं, बाजारात येणाऱ्यांना पिण्याचं पाणी मिळावं म्हणूनही होतं.

१८८२ मध्ये याच बाजारात विजेचे दिवे लागले. मुंबईत विजेची दिवाबत्ती पहिल्यांदा झाली ती इथे. एका खासगी कंपनीने महापालिकेशी करार करून हा बाजार आणि काही रस्ते उजळायचं काम घेतलं होतं. लोकांना केवढं अप्रूप वाटलं असेल! पण पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि बाजार पुन्हा गॅसच्या दिव्यांवर आला.

हे सांगितल्यावर मुलांचा प्रश्न येतो: "दिवे तं होते ना मॅडम, मंग विझले कसे?" दिवे होते. ते रोज पेटते ठेवणारी व्यवस्था टिकली नाही.

हे जुन्या काळापुरतं नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज थकीत बिलांमुळे तोडली गेली. खांब जागेवर, दिवे जागेवर, गावं मात्र अंधारात. बिल कोणी भरायचं, यावर सरपंच आणि शासन यांच्यात बराच वाद झाला आणि वित्त आयोगाच्या निधीतून ते भरण्याचा मार्ग पुढे आला. म्हणजे जो पैसा नव्या कामाला लागला असता, तो जुन्या बिलाला गेला.

कारंज्यांचंही तेच. मुंबईचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध असूनही ते बरीच वर्षं कोरडं होतं. महापालिकेने दुरुस्ती केल्यावर २०१९ मध्ये त्यात पुन्हा पाणी खेळू लागलं.

चला, गणित मांडू

हे आकडे वर्गात उदाहरण म्हणून घेतले आहेत. तुम्ही आपल्या गावाचे खरे आकडे घालून बघा.

समजा, बाजाराच्या रस्त्यावर २० खांब आहेत. प्रत्येकावर २५० वॅटचा जुना पिवळा सोडियम दिवा रात्री ११ तास जळतो. २० × २५० = ५००० वॅट, म्हणजे ५ किलोवॅट. ११ तासांचे ५५ युनिट. वर्षाचे २०,०७५ युनिट. युनिटला ७ रुपये धरले, तर १,४०,५२५ रुपये.

त्याच खांबांवर १०० वॅटचे एलईडी लावले, तर रोजचे २२ युनिट, वर्षाचे ८,०३० युनिट आणि ५६,२१० रुपये. वर्षाला ८४,३१५ रुपयांची बचत! म्हणूनच २०१५ पासून केंद्राच्या पथदिवे कार्यक्रमात जुने दिवे काढून एलईडी बसवण्यावर भर दिला गेला. इथे खर्च स्वतःची भरपाई स्वतः करतो.

आता कारंजं. दीड किलोवॅटचा पंप रोज ४ तास चालला, तर ६ युनिट. वर्षाचे २,१९० युनिट, म्हणजे १५,३३० रुपये. मुलं म्हणतात, "मॅडम, हे तं स्वस्त हाये!" थांबा, पाणी मोजायचं राहिलं. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल टाकीत ४,५०० लिटर पाणी मावतं. आपल्या उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडून गेलं असं धरलं, तरी रोज ९० लिटर नव्याने भरावं लागेल. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाण्याचं प्रमाण ठरवलं आहे. म्हणजे टाकी एकदा धुऊन पुन्हा भरायची, तर सुमारे ८२ माणसांचं एका दिवसाचं पाणी. ती धुणाऱ्या माणसाची मजुरी आणि पंपाची दुरुस्ती वेगळीच.

आणि कारंजं बंद पडलं तर? आपला गडचिरोली जिल्हा मलेरियासाठी राज्यात ओळखला जातो. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आरोग्यसेविका घरोघरी येऊन आपल्याला आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. रांजण आपण उलटा करू शकतो. चौकातली सिमेंटची टाकी कोण उलटी करणार?

म्हणून कारंजं नकोच, असं माझं म्हणणं नाही. संध्याकाळी बाजार आटोपून माणसं चार घटका बसतील, लेकरं थुईथुई पाणी बघतील, ही गोष्ट लहान नाही. आपल्या भागातल्या लेकरांना सुंदर रस्ता नको, असं कोण म्हणेल? पण त्याची पुढच्या पाच वर्षांची देखभाल कागदावर लिहिलेली असावी, एवढंच.

उजेड पडतो कुठे?

दिव्यांतही एक गफलत होते. चौकात उंच हायमास्ट लागला, की गाव उजळल्यासारखं वाटतं. फोटोही छान येतो. पण बाजाराच्या ओळीत, झाडाखाली, पानठेल्यामागच्या बोळात अंधार तसाच राहतो. दिवा माणसाच्या पायाशी आणि हातातल्या मालावर पडायला हवा, डोळ्यांत नाही. कमी उंचीचे, जवळजवळ लावलेले, खाली तोंड केलेले दिवे बाजाराला जास्त उपयोगी. मोहफूल, चारोळी, भाजी घेऊन दूरच्या गावाहून आलेल्या बाईला अंधार पडायच्या आधी माल कमी भावात टाकून पळावं लागतं. उजेड असला, तर तिला तासभर जास्त बसता येतं. नोट नीट बघता येते, वजनाचा काटा गिऱ्हाइकाला दाखवता येतो.

पालकांनी विचारायचे पाच प्रश्न

१. हे काम आवश्यक यादीतलं की ऐच्छिक? आवश्यक काम आधी पूर्ण झालं का?
२. पैसा कोणत्या निधीतून येणार?
३. वीजबिल आणि देखभाल पुढच्या वर्षापासून कोण, कशातून भरणार?
४. ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी किती? त्या काळात बिघाड झाला, तर दुरुस्ती त्याच्याच खर्चाने व्हायला हवी.
५. बंद दिव्याची तक्रार कोणाकडे करायची आणि किती दिवसांत दुरुस्ती होणार?

हे प्रश्न भांडणाचे नाहीत. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांना सहज विचारता येतात. उत्तर कागदावर हवं असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

वर्गासाठी उपक्रम

मुलांनी पालकांसोबत संध्याकाळी आपल्या गल्लीतून एक फेरी मारावी. खांब किती, चालू किती, बंद किती, हे वहीत लिहावं. खांबावर क्रमांक असेल, तर तोही टिपावा. खांबाला हात लावायचा नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही, हे आधी बजावून सांगा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नकाशा काढून चालू दिव्याला पिवळा आणि बंद दिव्याला काळा ठिपका द्या. नकाशा झाला भूगोलाचा, शेकडेवारी गणिताची आणि मुख्याधिकाऱ्यांना लिहिलेलं औपचारिक पत्र मराठीचं. एका फेरीत तीन विषय.

आमच्या वर्गात पत्राचा मसुदा करताना फवारेवाला मुलगा आणि भाजीवालीची मुलगी पुन्हा भांडले. शेवटी दोघांनी मिळून एक यादी केली: आधी बाजाराच्या ओळीत दिवे, मग पिण्याच्या पाण्याचा नळ, मग फवारा. खाली मुलीने स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली: "तिघांचं बिल कोण भरणार, ते आधी लिहा."

ती ओळ मी खोडली नाही. शुद्धलेखन तेवढं तपासलं.