डिस्क प्लेअर : आकड्यांतून नाद व चित्र कसे उमटते?

शाळातपासणीच्या वेळी जडवस्तू संग्रह नोंदवही चाळली असता पुष्कळ शाळांतून डीव्हीडी प्लेअरची नोंद आढळते आणि तिच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात 'नादुरुस्त' एवढाच शब्द असतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील अशाच यंत्राच्या निर्लेखनाच्या प्रस्तावावर मी शिफारशीची सही केली. यंत्र भंगारात जाण्यापूर्वी तेथील एका शिक्षकाने सहज दुसरी तबकडी घालून पाहिली, तो कविता स्वच्छ ऐकू आली. दोष यंत्राचा नव्हता. फळा पुसण्याच्या फडक्याने गोल गोल पुसून खराब झालेल्या एका तबकडीचा होता. सही करण्यापूर्वी मी दुसरी तबकडी लावून पाहिली नव्हती, हे मला कबूल केले पाहिजे.

ही चूक अज्ञानातून घडली. यंत्रात कोणते काम कोणत्या क्रमाने चालते हे ठाऊक असले, म्हणजे लक्षणावरून दोषाचे ठिकाण बऱ्याच अंशी ओळखता येते. तो क्रम सामान्य अंकगणित जाणणाऱ्या कोणाही शिक्षकास समजण्यासारखा आहे.

१. नादाचे आकडे कसे होतात?

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवर ध्वनिलहरींची वळणेच कोरलेली असत. सुई त्या वळणांवरून फिरली, की तीच कंपने पुन्हा उत्पन्न होत. सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी मिळून सिद्ध केलेली कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात विक्रीस आली. तिच्यावर लहरीचे चित्र नसते; केवळ आकडे असतात.

वर्गात आपण दर तासाला तापमान मोजून त्याचा आलेख काढतो. मोजमापे पुरेशी जवळजवळ घेतली, तर बिंदू जोडून दिवसभरातील चढउतार उभा करता येतो. सीडीसाठी ध्वनिलहरीची उंची अशीच एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा नाद ऐकू येतो. एखादे कंपन निश्चितपणे पकडावयाचे, तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घ्यावे लागते, असा गणिताचा नियम आहे. म्हणून ही संख्या ठरली.

प्रत्येक मोजमाप द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, १६ स्थानांत लिहितात. अशा एका स्थानास बिट म्हणतात. १६ बिटांत ६५,५३६ निरनिराळ्या उंची दाखविता येतात. डाव्या व उजव्या अशा दोन बाजूंचा हिशेब धरला, तर ४४,१०० × १६ × २, म्हणजे दर सेकंदास १४,११,२०० बिट होतात. हा गुणाकार वरच्या वर्गातील मुलांकडून अवश्य करवून घ्यावा.

२. तबकडीवरील लेखन व त्याचे वाचन

सीडी ही १२ सेंटिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लास्टिकची चकती असते. तिच्या छापील बाजूच्या लगत आत धातूचा चकचकीत पातळ थर असतो व त्यावर सूक्ष्म खळग्यांची एक लांबच लांब ओळ मध्यापासून कडेकडे सर्पिलाकार गेलेली असते. या ओळीच्या दोन शेजारच्या वळणांत १.६ मायक्रोमीटर अंतर असते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डीव्हीडीत हे अंतर ०.७४ मायक्रोमीटर इतके कमी असते. त्यामुळे सीडीसाठी ७८० नॅनोमीटर लहरलांबीचा लेसर किरण चालतो, तर डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे अधिक बारीक टिंब पाडू शकणारा तांबडा किरण लागतो.

सपाट भागावरून किरण नीट परततो. खळग्यावरून परतणारा व त्याच्या सभोवारच्या भागावरून परतणारा प्रकाश परस्परांस बराचसा मारक ठरतो व परतीचा प्रकाश मंद होतो. खळग्याच्या कडेवर, म्हणजे प्रकाश बदलतो तेथे, १ वाचला जातो. बदल न होता गेलेल्या अंतरात ० मोजले जातात.

परतलेला प्रकाश चार भागांच्या प्रकाशग्राहकावर पडतो. चारही भागांतील विद्युत्प्रवाहांची बेरीज हा वाचनाचा संकेत होय. तो पहिल्या विवर्धकात मोठा केला जातो. परंतु त्याच भागांची वजाबाकीही उपयोगी पडते. भिंग योग्य अंतरावर असेल, तर प्रकाशाचे टिंब गोल पडते. अंतर चुकले, की ते कर्णाच्या दिशेने लांबट होते. मग समोरासमोरील दोन भागांच्या बेरजेतून उरलेल्या दोन भागांची बेरीज वजा केली, म्हणजे भिंग वर न्यावे की खाली, हे कळते. ही वजाबाकी करून भिंगाच्या वेटोळ्यास प्रवाह देणारे मंडल अखंड जागे असते. दुसरे मंडल किरणास ओळीवर राखते व तिसरे तबकडीचा वेग सांभाळते. सीडी आतील बाजूस मिनिटास सुमारे ५०० फेरे घेते व कडेशी सुमारे २०० फेरे घेते. कारण किरणाखालून ओळ सर्वत्र सारख्याच वेगाने सरकली पाहिजे.

३. चुकांची दुरुस्ती

धूळ, बोटांचे ठसे, बारीक ओरखडे हे तबकडीवर असावयाचेच. तरीही नाद स्वच्छ येतो, यामागे एक सुंदर गणित आहे. आपण गुणपत्रक तयार करतो तेव्हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांपुढे एकूण बेरीज लिहितो. त्यांतील एखादा आकडा शाईच्या डागाखाली गेला, तर बेरजेवरून तो काढता येतो. फळ्यावर पुढील कोष्टक लिहावे :

३, ५, २, ६ : बेरीज १६
४, १, ७, २ : बेरीज १४
८, ३, ५, १ : बेरीज १७
२, ६, ४, ९ : बेरीज २१

हे आकडे आडव्या ओळींच्या क्रमाने तबकडीवर लिहिले व एका ओरखड्याने लागोपाठचे चार आकडे पुसले, अशी कल्पना करा. समजा, दुसरी ओळ संपूर्ण गेली. हाती फक्त १४ ही बेरीज उरते. तिच्यावरून चार आकडे निघणार नाहीत. आता हेच आकडे उभ्या स्तंभांच्या क्रमाने लिहिले, तर तोच ओरखडा एक स्तंभ खाऊन टाकील. समजा, ५, १, ३, ६ हा स्तंभ गेला. आता प्रत्येक ओळीतून एकेकच आकडा गेला आहे. १६ मधून ३, २ व ६ वजा केले, की ५ मिळतात. पुढील ओळींतून १, ३ व ६ तसेच परत येतात. मुलांना एक स्तंभ पुसून दाखवावा व हरवलेले आकडे त्यांच्याकडूनच शोधवून घ्यावेत. यंत्रातील मर्म त्यांच्या ध्यानात येण्यास एवढे पुरे आहे.

सीडीत हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर योजिली आहे. आठ बिटांचा एक गट, म्हणजे बाइट. असे २४ बाइट नादाचे असले, तर त्यांच्याबरोबर ८ बाइट पडताळ्याचे लिहितात आणि हे सर्व शंभराहून अधिक चौकटींत विखरून टाकतात. पडताळ्याचे गणित साध्या बेरजेहून पुष्कळ समर्थ आहे. कोणता आकडा चुकला, हेही ते सांगते. आयर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी ते १९६० साली प्रसिद्ध केले. त्याच्या बळावर ओळीच्या दिशेने सुमारे २.५ मिलिमीटर लांबीचे नुकसान पूर्णपणे भरून निघते. त्याहून अधिक हानी झाल्यास मंडल मागच्या व पुढच्या मोजमापांची सरासरी काढून वेळ निभावते. तेही अशक्य झाल्यास क्षणभर नाद बंद करते.

फडक्याने गोल पुसण्यात काय बिघडते, हे आता उमगेल. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक वळणास केवळ आडवा छेदून जातो व प्रत्येक ठिकाणी अल्पसेच आकडे बुडतात. गोल ओरखडा मात्र ओळीच्याच दिशेने धावतो व दुरुस्तीची मर्यादा ओलांडतो.

४. आकड्यांचा पुन्हा नाद

दुरुस्त झालेले आकडे प्रथम स्मृतीत साठतात. गावाच्या टाकीत पंपाचे पाणी कमीअधिक जोराने पडले, तरी नळास पाणी सारखे येते. त्याचप्रमाणे तबकडीच्या फिरण्यात थोडा चढउतार झाला, तरी स्फटिकाच्या घड्याळाच्या तालावर आकडे समान अंतराने बाहेर पडतात. पुढील मंडल प्रत्येक आकड्याचे रूपांतर त्या प्रमाणात विद्युत्दाबात करते. त्यातून निघणारी पायऱ्यापायऱ्यांची लहर गाळणी-मंडलातून गेली, की पायऱ्या गळून मूळची गोलाई परत येते. ती लहर पांढऱ्या व तांबड्या खोबण्यांतून बाहेर पडते व दूरचित्रवाणी संचातील विवर्धक तिला कर्ण्यास पेलेल एवढे बळ देतो.

५. चित्राचा मार्ग

चित्राचा प्रश्न अधिक बिकट आहे. डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात विक्रीस आली. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे असते व सेकंदात २५ चित्रे दाखवावी लागतात. प्रत्येक ठिपक्यास सरासरी १२ बिट धरले, तर सेकंदास १२,४४,१६,००० बिट होतात. एकपदरी डीव्हीडीत सुमारे ४७० कोटी बाइट मावतात. म्हणजे या हिशेबाने सारी तबकडी पाच मिनिटांत संपली असती.

म्हणून चित्र आवळून लिहितात. फळ्यापुढे उभे राहून गुरुजी बोलत आहेत, असे दृश्य घ्या. फळा, भिंत, खिडकी जागच्या जागी असतात. हात व ओठ तेवढे हलतात. तेव्हा एक चित्र पूर्ण लिहावयाचे व पुढील काही चित्रांत फक्त झालेला बदल लिहावयाचा, ही पहिली काटकसर. प्रत्येक चित्र आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद अशा चौकोनांत विभागून डोळ्यास न जाणवणारे बारकावे गाळावयाचे, ही दुसरी. उजेडापेक्षा रंगातील बारकावा डोळ्यास कमी कळतो, म्हणून रंगाची माहिती विरळ ठेवावयाची, ही तिसरी. एम्पेग-२ या नावाच्या या पद्धतीने डीव्हीडीवरील चित्राचा ओघ सेकंदास ९८ लाख बिटांच्या आत राहतो.

प्लेअरमधील मुख्य मंडल हे आवळलेले लेखन उलगडून पूर्ण चित्रे स्मृतीत मांडते. नाद व चित्र यांचे आकडे एकाच ओघात येतात. त्यांची ताटातूट करून दोन्ही वाटांनी पाठवावे लागते. ओठ व शब्द यांची सांगड राहावी, म्हणून दोहोंवर वेळेचे शिक्के असतात. शेवटी चित्राच्या आकड्यांचे विद्युत्दाबात रूपांतर होते, प्रत्येक ओळीच्या आरंभाची खूण व रंगाचा संकेत त्यात मिसळला जातो आणि तो पिवळ्या खोबणीतून बाहेर पडतो.

६. लक्षणावरून दोषाचे ठिकाण

हा क्रम ध्यानी ठेवून पुढीलप्रमाणे पाहावे :

(१) चित्रावर चौकोन उमटतात, चित्र अडखळते व नाद तुटतो : वाचनात अडथळा आहे. प्रथम तबकडी पुसावी, नंतर दुसरी लावून पाहावी. चौकोन क्षणभर टिकून आपोआप नाहीसे होतात, कारण पुढील पूर्ण चित्र येताच चूक पुसली जाते.

(२) चित्र उत्तम, पण एका बाजूचा वा दोन्ही बाजूंचा नाद नाही : आकडे नीट वाचले जात आहेत. दोष बहुधा तांबड्या-पांढऱ्या तारेत, खोबणीत वा नादाच्या अखेरच्या मंडलात असतो. तारांची अदलाबदल करून पाहावी.

(३) चित्र कृष्णधवल दिसते वा सरकते : प्लेअरच्या मांडणीत पालऐवजी एनटीएससी पद्धती निवडली गेली आहे काय, हे पाहावे. पिवळी तार चुकीच्या खोबणीत असल्यासही चित्र बिघडते.

(४) कोणतीही तबकडी वाचली जात नाही : भिंगावर धूळ असेल वा लेसर क्षीण झाला असेल. हे काम कारागिराकडे सोपवावे.

(५) यंत्रावरील दिवाच लागत नाही : विजेची जोडणी व खोबण पाहावी. दोष आत असल्यास तो वीजपुरवठ्याच्या मंडलात असतो. तबकडी वा चित्र-नादाच्या मंडलांशी त्याचा संबंध नसतो.

७. निगा व दक्षता

तबकडी कडेस धरावी. मऊ, स्वच्छ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. खडूची धूळ लागलेले फडके कदापि वापरू नये. सीडीच्या छापील बाजूवर टोकदार लेखणीने शाळेचे नाव घालू नये. चकचकीत थर त्याच बाजूस लगत असल्याने तेथील जखम भरून येत नाही. यंत्राचे झाकण शिक्षकांनी वा विद्यार्थ्यांनी उघडू नये. सीडी वाचणारा किरण डोळ्यास जवळजवळ दिसत नाही, पण डोळ्यास अपाय करू शकतो; वीजपुरवठ्याच्या भागात तर बटण बंद केल्यावरही काही काळ भार शिल्लक राहतो.

तबकड्यांचा वापर आता ओसरत चालला आहे व त्यांची जागा मोबाइल संच घेत आहेत, हे खरे. तथापि मोजमाप घेणे, आवळून लिहिणे व चूक दुरुस्त करणे ही तिन्ही तत्त्वे तेथेही तीच आहेत. पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडचा एखादा कोपरा मळला, तरी तो वाचला जातो, तो रीड व सॉलोमन यांच्याच गणितामुळे. कपाटातील जुन्या प्लेअरच्या आधाराने हे तत्त्व मुलांपुढे मांडता आले, तर त्या यंत्राचे मोल नोंदवहीतील किमतीहून अधिक ठरेल.

यापुढे अशा यंत्राचा निर्लेखन प्रस्ताव पाठविताना शेऱ्याच्या रकान्यात नुसते 'नादुरुस्त' न लिहिता, दुसरी तबकडी व दुसरी तार लावून पाहिली काय, आणि वरीलपैकी कोणते लक्षण दिसले, हे अवश्य नमूद करावे. ते वाचल्यावाचून शिफारशीची सही करावयाची नाही, असे मीही ठरविले आहे.