हिशेबनिसाच्या वाटा

हिशेब ठेवणे ही विद्या जुनी आहे. परंतु दुसऱ्याच्या हिशेबावर सही करून त्याची ग्वाही देणे हा व्यवसाय त्या मानाने नवा आहे. पहिल्या विद्येशी मराठी समाजाचा परिचय फार पूर्वीपासून आहे. फडणीस, पोतनीस, जमेनीस ही आज आडनावे झाली असली, तरी एके काळी ते हुद्दे होते. पेशवे दप्तरातील मोडी रोजकीर्दी पाहिल्या म्हणजे पैशापैशाची नोंद ठेवण्याची शिस्त किती मुरलेली होती हे कळून येते. पण फडणीस आपल्या धन्याला जबाबदार असे. आजचा लेखापरीक्षक ज्या भागधारकांना त्याने कधी पाहिलेही नाही, त्यांना जबाबदार असतो. या एका फरकामुळेच त्याला कायद्याने मान्य केलेली पात्रता लागते, आणि ती कोणत्या मार्गाने मिळवावी हा प्रश्न दर वर्षी बारावीचे निकाल लागले की घरोघर उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर सहसा एका शब्दात दिले जाते: सी. ए. कर. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. हिशेबनीस या एका नावाखाली निदान चार निरनिराळी कामे चालतात. व्यवहारांची नोंद करून ताळेबंद तयार करणे हे पहिले. तयार ताळेबंद स्वतंत्रपणे तपासून तो खरा व यथायोग्य आहे असे प्रमाणित करणे हे दुसरे. कारखान्यात एक वस्तू तयार होण्यास किती खर्च येतो व तो कोठे वाचवता येईल, हे शोधणे तिसरे. आणि सरकारी तिजोरीतून गेलेला पैसा विधिमंडळाने मंजूर केलेल्या कामासाठीच गेला की नाही, हे पाहणे चौथे. पहिल्या कामाला कायदा कोणतीही सनद मागत नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर ते करू शकतो व हजारो पदवीधर करीतही आहेत. उरलेल्या तिन्हींच्या वाटा मात्र वेगवेगळ्या आहेत.

या वाटा अशा का फुटल्या, हे इतिहासावरून समजते. १९१३ च्या कंपनी कायद्याने या देशात लेखापरीक्षकाची पात्रता प्रथमच ठरवून दिली. त्या काळी विलायतेत जाऊन तेथील संस्थेची सनद आणणे हा प्रतिष्ठेचा मार्ग होता. पण तो श्रीमंतांच्या मुलांनाच परवडणारा होता. १९१३ मध्येच मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले, आणि १९१८ मध्ये मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. परीक्षा आणि अनुभवी लेखापरीक्षकाच्या हाताखाली उमेदवारी, अशी दुहेरी अट असलेली ही पदविका म्हणजे आजच्या पद्धतीचा पायाच होय. पुढे सनदी लेखापालांचा कायदा झाला आणि १ जुलै १९४९ रोजी त्यांची संस्था अस्तित्वात आली. संविधान अमलात येण्यापूर्वीच एका व्यवसायाने आपल्या शिस्तीची जबाबदारी आपल्याकडे घेतली होती.

आज सनदी लेखापाल होण्यासाठी तीन परीक्षा द्याव्या लागतात. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमिजिएट आणि शेवटी फायनल. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के गुण असल्यास पहिली पायरी वगळता येते. प्रत्येक विषयात ४० टक्के आणि एकंदरीत ५० टक्के गुण मिळवावे लागतात. ही अट ऐकायला सौम्य वाटते. परंतु उत्तीर्णांचे प्रमाण अल्प असते. इंटरमिजिएटचे दोन्ही गट पार पडल्यावर उमेदवारी सुरू होते. ती पूर्वी तीन वर्षांची असे. २०२३ मध्ये आलेल्या नव्या योजनेने ती दोन वर्षांवर आणली. कागदावर ही वाट बारावीनंतर साडेतीन ते चार वर्षांची दिसते. प्रत्यक्षात अनेकांना याहून पुष्कळ अधिक काळ लागतो, आणि तो काळ ऐन उमेदीचा असतो.

या वाटेचे मोल काय, असे विचारल्यास उत्तर एकच: सही. कंपनीच्या हिशेबांची वैधानिक तपासणी करून त्यावर सही करण्याचा अधिकार २०१३ च्या कंपनी कायद्याने सनदी लेखापालालाच दिला आहे. त्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते आणि निवृत्त शिक्षक आपली पुंजी समभागांत गुंतवतो. जानेवारी २००९ मध्ये सत्यम या मोठ्या संगणक कंपनीचा बनाव उघडकीला आला, तेव्हा ताळेबंदातील रोख शिल्लक बव्हंशी खोटी असल्याचे दिसून आले, आणि त्या ताळेबंदांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. या प्रकरणानंतर कायदा कडक झाला, आणि २०१८ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर देखरेख करणारे स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करण्यात आले. तात्पर्य, या वाटेवर बुद्धीइतकीच ‘नाही’ म्हणण्याची हिंमत लागते. जो धनकोसमोर, वरिष्ठासमोर किंवा जुन्या अशिलासमोर ती दाखवू शकत नाही, त्याने ही सनद घेतली तरी तिचा उपयोग थोडा.

दुसरी वाट परिव्यय लेखापालाची. तिची संस्था १९४४ मध्ये कलकत्त्यात निघाली आणि १९५९ च्या कायद्याने तिला वैधानिक दर्जा मिळाला. सनदी लेखापाल झालेल्या व्यवहाराकडे मागे वळून पाहतो; परिव्यय लेखापाल चालू यंत्राकडे पाहतो. साखरेच्या एका पोत्यामागे ऊस किती, वाफ किती, मजुरी किती, वाया किती गेले, हे त्याचे प्रश्न. १९६५ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन ठरावीक उद्योगांना परिव्यय लेखापरीक्षा लागू करण्याची तरतूद झाली, आणि ती तपासणी आज परिव्यय लेखापालच करतो. येथेही परीक्षांचे टप्पे तीनच आहेत. पदवीधराला मधल्या टप्प्यापासून आरंभ करता येतो आणि पंधरा महिन्यांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरते. नोकरी करता करता शिकू पाहणाऱ्या तरुणाला, विशेषतः कारखान्याच्या गावी राहणाऱ्याला, ही वाट अधिक सोयीची पडते. मात्र तिच्या सहीचे क्षेत्र मर्यादित आहे, हे आधीच ध्यानात घ्यावे.

तिसरी वाट सरकारी सेवेची. भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवेत संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून प्रवेश मिळतो. त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. लेखाशास्त्र नंतर शिकवले जाते. कनिष्ठ पदांवरून शिरलेल्यांना विभागीय परीक्षा देऊन वर चढता येते, आणि या परीक्षांचा कस काही कमी नसतो. १९७६ मध्ये केंद्र सरकारच्या कारभारात हिशेब ठेवणे आणि हिशेब तपासणे ही कामे एकमेकांपासून अलग करण्यात आली. ज्याने नोंद केली त्यानेच ती तपासू नये, हे त्यामागील साधे तत्त्व. या सेवेतील माणूस खाजगी कंपनीच्या ताळेबंदावर सही करू शकत नाही. परंतु धरण, रुग्णालय, शाळा यांवरील सार्वजनिक खर्चाचा जाब तो विचारू शकतो. ज्याला धनापेक्षा अशा कामाची ओढ आहे, त्याने ही वाट गौण मानू नये.

महाराष्ट्रापुरती आणखी एक वाट आहे. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याखाली पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था यांचे हिशेब दर वर्षी तपासावे लागतात. पदवी, सहकार व लेखा विषयांतील शासकीय पदविका, ठरावीक अनुभव आणि मराठीचे पुरेसे ज्ञान असलेला मनुष्य प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून यांतील कामे करू शकतो. ज्या तालुक्यात सनदी लेखापालाचे कार्यालय शोधावे लागते, तेथे गावच्या पतसंस्थेतील ठेवी कित्येकदा याच माणसाच्या दक्षतेवर अवलंबून असतात. इंदूर, बडोदे वा बेळगावच्या मराठी तरुणाला या पदविकेचा तेथे उपयोग नाही. त्याला अखिल भारतीय संस्थांच्याच परीक्षा द्याव्या लागतील, आणि सनदी लेखापालाची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीतच लिहावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्यांनी या भाषेची तयारी विषयाच्या तयारीबरोबरच सुरू करावी. परदेशी संस्थांच्या पदव्यांचाही आज बोलबाला आहे. बहुराष्ट्रीय कंपन्यांत त्यांना मान असला, तरी केवळ त्यांच्या बळावर भारतात वैधानिक लेखापरीक्षा करता येत नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी जाणून घ्यावे.

मग निवड कशी करावी? शेजारच्या मुलाने काय केले, यावरून नव्हे. पहिला प्रश्न कामाचा: सही हवी, कारखाना हवा, की सार्वजनिक तिजोरीची राखण? दुसरा प्रश्न काळाचा: घरची परिस्थिती किती वर्षे कमाईवाचून तग धरील? उमेदवारीत विद्यावेतन मिळते, पण त्यावर शहरात राहणे कठीण असते. तिसरा प्रश्न अपयशाचा, आणि तो सहसा विचारलाच जात नाही. परीक्षा दोनचारदा हुकली, तर हाती काय उरेल? म्हणूनच पदवीचे शिक्षण सोडून केवळ सनदेच्या मागे लागू नये. पदवी हाती असली म्हणजे परिव्यय लेखापालाची, सरकारी सेवेची आणि सहकाराची अशी तिन्ही दारे उघडी राहतात. नसली तर एका परीक्षेच्या निकालावर सारे आयुष्य टांगले जाते. असे टांगलेले तरुण आणि त्यांच्याकडे डोळे लावून बसलेली घरे आपल्या समाजात कमी नाहीत.

पालकांनीही एक गोष्ट ओळखावी. वाट बदलणे म्हणजे हार नव्हे. सनदेचा अभ्यास अर्ध्यावर सोडून लेखा सेवेत गेलेल्या माणसाचे शिकलेले काही वाया जात नाही. जमा आणि नावे यांचे नियम सर्वत्र सारखेच असतात. आपल्या वयाचा, ऐपतीचा आणि स्वभावाचा ताळेबंद ज्याने आरंभीच खरेपणाने मांडला, त्याने या व्यवसायाचा पहिला धडा कोणत्याही संस्थेत नाव घालण्यापूर्वीच गिरवला, असे म्हणावयास हरकत नाही.