होडी सोडण्यापूर्वी

विंझरला पाणी नवे नाही. इकडे गुंजवणी, डोंगरापलीकडे पानशेत व वरसगाव, भोरच्या अंगास भाटघर. जेथे धरण तेथे सहलीचे लोक, आणि ते आले की होडी आलीच. म्हणून होडीत बसणाऱ्या माणसाच्या जिवाविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटली. एक जण पोहत काठास लागला, सहा जण बुडाले. कोणी म्हणेल, ही आपल्या गरीब मुलखाची गोष्ट. तर श्रीमंत अमेरिकेकडे पाहू.

तेथे दुसऱ्या महायुद्धात रस्त्यावर चाकांनी व पाण्यात पंख्याने चालणाऱ्या लष्करी गाड्या बांधल्या. पुढे त्या, आणि त्याच धर्तीच्या इतर गाड्या, सहलीस जुंपल्या. लोक त्यांना 'बदक' म्हणतात. पण या बदकाचे पोट आतून सलग असते. कप्पे नसल्याने एकीकडून शिरलेले पाणी सर्वत्र पसरते व गाडी झपाट्याने तळ गाठते. १ मे १९९९ रोजी, ऐन कामगारदिनी, आर्कान्सातील हॅमिल्टन सरोवरात असे एक बदक बुडून १३ माणसे गेली. गाडी खाली चालली आणि डोक्यावर पक्के छत! अशा वेळी अंगातले तरंगते जाकीटही माणसाला वर उचलून छतालाच दाबून धरते. चौकशी मंडळाने बजावले: छत काढा, आणि पाणी भरले तरी तरंगेल अशी गाडी करा.

१९ जुलै २०१८ रोजी मिसुरीतील टेबल रॉक सरोवरात दुसरे बदक बुडाले. ३१ पैकी १७ माणसे गेली. छत तसेच होते. बाजूचा पडदाही ओढलेला होता. वादळाचा इशारा गाडी पाण्यात उतरण्यापूर्वीच निघाला होता.

इशारा असून होडी का सुटते? हा प्रश्न आम्हा संघटनेच्या माणसांचा. नावाड्याचे पोट फेरीवर असते. फेरी रद्द केली तर त्याची मजुरी बुडते. न केली तर कदाचित माणसे बुडतील. 'कदाचित'पुढे रोजची भूक नेहमीच जिंकते. त्यास नुसता उपदेश करून भागणार नाही.

आमचे मागणे थोडके आहे. किती माणसे बसवावयाची तो आकडा होडीवर रंगवावा. वर पक्के छत नसावे. जाकिटे गोणीत नव्हे, काठावरच अंगात घालावी. आणि वारा उठला की 'आज होडी नाही' असे म्हणण्याचा हक्क नावाड्यास असावा व त्या दिवसाची मजुरी मालकाने द्यावी. हे शेवटचे कलम सर्वांत महाग वाटेल. परंतु त्यावाचून बाकीची तीन कागदावरच राहतील.