आठवणींचा ताळेबंद

कोलशेत रस्त्याने आज प्रथमच जाणाऱ्या माणसाला पत्त्यातील ‘सँडोझबाग’ हे नाव कोठून आले, हे चटकन उमगणार नाही. खाडीकाठचे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. स्वातंत्र्यानंतरच्या काळात येथे रसायनांचे कारखाने उभे राहिले आणि सँडोझ या स्विस कंपनीचे नाव टपालाच्या पत्त्यातही रूढ झाले. १९९५ मध्ये तिचा रसायन विभाग वेगळा होऊन क्लॅरियंट ही नवी कंपनी निघाली. पुढे २०१४ च्या सुमारास कोलशेतची जमीन हजार कोटींहून अधिक रुपयांना गृहबांधणीसाठी विकली गेली. कारखान्याच्या जागी मनोरे आले. पत्त्यातील नाव तेवढे मागे राहिले.

जमिनीची किंमत बाजार ठरवतो आणि ती चौरस फुटांत सांगतो. पण या पट्ट्यात ज्यांनी उभी हयात पाळ्या केल्या, त्यांच्या आठवणींचे मोल कोणत्या मापाने सांगावे? अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतील फरक स्पष्ट करताना ॲडम स्मिथने १७७६ मध्ये पाणी आणि हिरा यांचा दाखला दिला होता. आठवण ही पाण्याच्या जातीची वस्तू होय. ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. तिच्यावाचून मात्र माणसाला आपण कोण हेच सांगता येणार नाही.

एवढे म्हणून थांबले तर आठवणींचे स्तोत्रच होईल, आणि तशी स्तोत्रे आपल्याकडे थोडी नाहीत. ‘आमच्या वेळी’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या बहुतेक कथनांत स्वस्ताई असते, शेजारधर्म असतो. रॉकेलची रांग नसते. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की माणूस ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी साठवून ठेवत नाही. दर वेळी सांगताना तो ती आपल्या समजुतीप्रमाणे नव्याने रचतो. त्यामुळे केवळ गोडवा हे आठवणीच्या मोलाचे माप होऊ शकत नाही. जमाखर्चाच्या वहीत जे कधी चढत नाही, ते तिने सांगितले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळाचे आकडे सरकारी अहवालांत सापडतात. लाल मिलोची भाकरी घशाखाली कशी उतरत नसे, हे मात्र ती खाणाऱ्यांकडूनच कळते.

या बाबतीत आपल्याकडे एक फार चांगला आधार आहे. न्यायमूर्ती रानडे यांचे भारतीय अर्थकारणावरील निबंध १८९८ मध्ये ग्रंथरूपाने आले. आमच्या विषयाची या देशातील पायाभरणी त्यांनी केली. १९०१ मध्ये ते निवर्तले. त्यानंतर १९१० मध्ये रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पतीविषयीचा भक्तिभाव त्यात काठोकाठ आहे. तरीही पतीच्या आग्रहाने चाललेल्या शिक्षणापायी घरातल्या बायकांचा रोष कसा सोसावा लागला, हे त्यांनी लपवले नाही. सुधारणेचा पुरस्कार सभेत होई. तिची झळ माजघरात लागे. रानड्यांचे निबंध कितीही बारकाईने वाचले तरी ही दुसरी बाजू त्यांत मिळणार नाही. (आमच्या अभ्यासक्रमात ते निबंध असतात, रमाबाईंचे पुस्तक मराठीच्या वर्गाकडे सोपवलेले असते. हा वाटणीचा व्यवहार मला कधी पटलेला नाही.)

आमच्या घरातलेच सांगतो. माझे वडील ठाण्याकडच्या एका लहान कारखान्यात होते. तेथे एकदा सात महिने टाळेबंदी झाली. वडील त्या दिवसांविषयी बोलत ते फाटकापुढच्या सभांचे, सहकाऱ्यांच्या एकजुटीचे. आई बोले ती वाण्याच्या उधारीचे आणि गहाण पडलेल्या पाटल्यांचे. दोघांच्या हिशेबांचा मेळ कधी बसला नाही. त्यावरून घरात तक्रारीही होत. आज वाटते, त्या न बसणाऱ्या मेळातच त्या सात महिन्यांचे खरे चित्र होते. एकट्या वडिलांचे ऐकले असते तर तो केवळ लढा वाटला असता, एकट्या आईचे ऐकले असते तर केवळ ओढगस्त.

वडील गेले, आणि एक विलक्षण गोष्ट घडली. आई हळूहळू त्यांचीच आठवण सांगू लागली. तिच्या बोलण्यातून उधारी गेली, सभा आल्या. जोडीदार जातो तेव्हा आपल्या आठवणींना खोडून काढणारा साक्षीदारही जातो, हे वैधव्याच्या वर्णनांत फारसे येत नाही. कोलशेतच्या आसपास आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली अशी कितीतरी माणसे आहेत. त्यांपैकी अनेकांची घरे पुनर्विकासात जात आहेत. सामान हलवताना जुनी पगारपत्रके, संघाच्या पावत्या, उधारीच्या वह्या सर्वांत आधी रद्दीत निघतात. नातवंडांनी आजोबांना कारखान्याबद्दल विचारावे हे योग्यच आहे. परंतु त्याच खोलीत आजी असेल, तर तोच प्रश्न तिलाही वेगळा विचारावा, आणि दोघांची उत्तरे जुळवून देण्याची घाई करू नये.

आमच्या वाण्याची ती वही अद्याप ट्रंकेत आहे. टाळेबंदीच्या शेवटच्या तीन महिन्यांत तीत गोडेतेलाची नोंदच नाही. आईला परवा ती दाखवली, तर म्हणाली, “तेव्हा आपल्याला तेल फारसं लागतच नसे.”