परदेशी जाताना गोळ्यांचा हिशेब

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या पावणे एमआयडीसीत नोकरी करून निवृत्त झालेले अनेक जण आता वर्षातले काही महिने अमेरिकेत मुलांकडे राहतात. तिथे नातवंडांच्या खालोखाल काळजी असते ती गोळ्यांची. भारतातली चिठ्ठी तिथल्या औषध दुकानात चालत नाही. प्रवासी विम्यात जुना रक्तदाब, मधुमेह बहुधा धरला जात नाही. ग्रीन कार्ड मिळाले, तरी ज्येष्ठांच्या मेडिकेअर या सरकारी विम्यासाठी सहसा ६५ वर्षे वय आणि तिथले सलग ५ वर्षांचे वास्तव्य लागते.

मग मुलांवर खर्चाचा भार नको म्हणून कुणी गोळी अर्धी करतो, कुणी दिवसाआड घेतो. धोका इथेच आहे. मेटोप्रोलॉलसारखे औषध एकदम थांबवल्यास रक्तदाब उसळतो, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो.

निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावे, ब्रँडची नव्हे, स्पष्ट लिहून घ्यावीत. नावे तिथे बदलतातही. पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन म्हणतात. गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. सोबत साधारण ९० दिवसांचाच साठा नेता येतो. मुक्काम त्याहून मोठा असेल, तर पुढची सोय आधीच ठरवावी. आणि गोळ्या संपत आल्या, की संकोच न करता मुलांना सांगावे.