सिनेमाचा उजेड आणि डिझेलचा धूर : निर्मात्यांनी वीज कशी वाचवावी?

सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नट-नट्या, गाणी आणि पोस्टर्स येतात. पण हा एक मोठा कारखाना आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. या कारखान्याला कापड लागते, लाकूड लागते, प्लायवूड, प्लास्टर, रंग, काच, जरी, चामडे लागते. आणि सगळ्यात जास्त लागते ती वीज. मुंबईच्या स्टुडिओंना माल पुरवणाऱ्यांत आपले अनेक व्यापारी व कारागीर आहेत. कोणी शिंपी आहे, कोणी जरदोजीवाला, कोणी सुतार, कोणी लाइट भाड्याने देणारा. म्हणून या धंद्यात काय बदल होत आहेत, हे आपण समजून घेणे जरुरीचे आहे. सिनेमामुळे हवा-पाणी किती खराब होते आणि निर्माता विजेची बचत कशी करू शकतो, हा आजचा विषय आहे.

धूर न दिसणारा कारखाना

गिरणीला चिमणी असते, म्हणून तिचा धूर दिसतो. सिनेमाचे युनिट मात्र आज इथे, उद्या तिथे. त्यामुळे त्याचा धूर कोणाच्या हिशोबात येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेने २००६ साली याचा अभ्यास केला. त्या परिसरातील सिनेमा-टेलिव्हिजनच्या धंद्याची तुलना विमाननिर्मिती, तयार कपडे, हॉटेल, सेमीकंडक्टर आणि तेलशुद्धीकरण या धंद्यांशी केली. हवा खराब करण्यात सिनेमाच्या पुढे फक्त तेलशुद्धीकरण कारखाने निघाले. तयार कपड्यांचा धंदा, ज्याला सगळे नावे ठेवतात, तो सिनेमाच्या मागे होता.

ब्रिटनमध्ये २०२० साली दुसरा अहवाल आला. सात कोटी डॉलरपेक्षा जास्त खर्चाचा एक मोठा चित्रपट बनवताना सरासरी २,८४० टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असे त्यात आढळले. त्यातला ५१ टक्के हिस्सा प्रवास व वाहतुकीचा, ३४ टक्के स्टुडिओतील वीज व गॅसचा आणि १५ टक्के डिझेल जनरेटरचा होता. म्हणजे जवळजवळ निम्मा मामला विजेचा आणि निम्मा गाड्या-विमानांचा.

आपल्याकडचे उदाहरण 'देवदास' या चित्रपटाचे आहे. २००२ साली आलेल्या या चित्रपटासाठी २,५०० दिवे आणि ४२ जनरेटर वापरल्याचे प्रसिद्ध झाले होते. एरवी दोन-तीन जनरेटरवर काम भागते. दिव्यांची एकूण ताकद ३० लाख वॅट, म्हणजे ३,००० किलोवॅट होती. हे सगळे दिवे एकाच वेळी एक तास जळाले असे धरले तर ३,००० युनिट होतात. चांगला जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेतीन युनिट देतो. म्हणजे तासाला सुमारे ८५० लिटर डिझेल! एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. या हिशोबाने एका तासात सव्वादोन टनांहून जास्त होतो.

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथे रात्रभर चालणाऱ्या जनरेटरचा धूर आणि आवाज जंगलातील जनावरांना आणि सेटवरच्या माणसांना सारखाच सोसावा लागतो. हिरो आपल्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये काच लावून बसतो. जनरेटरजवळ उभा राहतो तो लाइटमन आणि स्पॉटदादा. धूर त्याच्याच छातीत जातो.

वीज जाते कुठे?

जुन्या पद्धतीचे टंगस्टन दिवे तार तापवून उजेड देतात. त्यांना दिलेल्या शंभर युनिटांपैकी नव्वदच्या वर युनिट उष्णतेत जातात. उजेड होतो तो उरलेल्या थोड्याशा विजेतून. हा तोटा इथेच थांबत नाही. बंद फ्लोअरवर ही उष्णता बाहेर काढायला एअर कंडिशनर लागतो. साडेतीन किलोवॅट उष्णता काढायला साधारण एक टनाचा एसी पाहिजे. म्हणजे २० किलोवॅटचे दिवे लावले की त्यांच्यासाठीच जवळजवळ सहा टनांचा एसी चालवावा लागतो. एकदा पैसे देऊन खोली तापवायची, दुसऱ्यांदा पैसे देऊन तीच थंड करायची. वर तराफ्यावर बसलेल्या लाइटमनला ही थंडी पोहोचतही नाही, कारण गरम हवा वर जाते.

नवे एलईडी दिवे तेवढाच उजेड साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याच्या विजेत देतात. समजा, एका फ्लोअरवर ४० किलोवॅटचे टंगस्टन दिवे आठ तास जळतात. ३२० युनिट झाले. जनरेटरवर सुमारे ९१ लिटर डिझेल लागले. लिटरला ९० रुपये धरले तर ८,२०० रुपये. हेच काम १० किलोवॅटच्या एलईडीवर केले तर ८० युनिट, २३ लिटर आणि सुमारे २,१०० रुपये. रोजचा सहा हजारांचा फरक पडला. पन्नास दिवसांच्या शूटिंगमध्ये तीन लाख रुपये वाचले. एसीची बचत वेगळी.

पण इथे एक मेख आहे. दिवे बदलले आणि जनरेटर मात्र पूर्वीचाच १२५ केव्हीएचा ठेवला, तर बचतीचा मोठा भाग त्यात बुडतो. मोठ्या मशीनवर थोडा भार टाकला तर ते रिकामेच डिझेल पिते. दहाव्या हिश्श्याच्या भारावर एका लिटरमध्ये दोन युनिटही मुश्किलीने निघतात. दोन शेर ओझे ओढायला ट्रक लावावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून आधी दिव्यांची बेरीज करावी, मग जनरेटर ठरवावा.

कापडाची करामत

वीज वाचवण्याची आणखी एक युक्ती आहे आणि ती आपल्या कापडधंद्याच्या अगदी जवळची आहे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' दादरला सूर्याच्या उजेडात चित्रित केला. पुढे विजेचे दिवे आले आणि सिनेमा छताखाली गेला. १९५६ सालच्या 'अपराजितो'च्या वेळी सत्यजित राय यांचे छायाचित्रकार सुब्रत मित्र यांच्यापुढे प्रश्न आला की, कलकत्त्याच्या स्टुडिओत उभ्या केलेल्या बनारसच्या घराच्या अंगणात आभाळाचा उजेड आणायचा कसा? त्यांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत खालून कापडावर सोडला. कापडावरून परत आलेला उजेड खऱ्या दिवसासारखा मऊ पडला. 'मुघल-ए-आझम' (१९६०) च्या शीशमहलात आरशांच्या लखलखाटाने चित्रच निघेना, तेव्हा छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनीही कापडाच्या पट्ट्या जागोजागी लावून उजेड परतवला आणि चकाकी कमी केली.

आजही दिव्यापुढे मलमल किंवा पांढऱ्या कापडाची चौकट लावून उजेड मऊ करतात. तिला सेटवर स्कीमर म्हणतात. उन्हात शूटिंग असेल तर ऊन अडवायला मोठे पांढरे कापड आणि सावली भरून काढायला दुसरे पांढरे कापड एवढ्यावर पुष्कळ दृश्ये होतात. सूर्याचे बिल येत नाही. शूटिंगच्या वेळापत्रकात दिवसाची दृश्ये दिवसाच ठेवली, काळा पडदा लावून दिवसाची रात्र आणि दिवे लावून रात्रीचा दिवस करण्याचे टाळले, तर अर्धे काम तिथेच झाले.

एलईडीबाबत एक सावधगिरी जरूर घ्यावी. दुकानात ट्यूबलाइटखाली दिसलेला शेड बाहेर उन्हात वेगळा दिसतो, हे कापडाच्या गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला चांगले ठाऊक आहे. हलक्या एलईडीचेही तसेच आहे. त्यात लाल रंग फिका पडतो, चेहरा हिरवट दिसतो. रंग खरे दाखवण्याचा सीआरआय नावाचा आकडा असतो. तो ९५ च्या आसपास असलेलेच दिवे घ्यावेत. स्वस्त माल घेऊन नंतर रंग सुधारण्यात पैसे घालवणे हा शहाणपणा नव्हे.

सेट आणि पोशाख

विजेनंतरचा मोठा नाश सेटचा. महालाची भिंत प्लायवूड, प्लास्टर आणि थर्माकोलची असते. पॅकअप झाले की ती तोडून कचऱ्यात जाते. एकमेकांना चिकटलेले लाकूड, प्लास्टर आणि रंग मग वेगळे करता येत नाहीत. सेट बांधतानाच खिळे व गोंदाऐवजी बोल्ट आणि स्क्रू वापरले, भिंती ठरावीक मापाच्या चौकटींत बनवल्या, तर त्या दहा सेटांत फिरतात. 'मॅट्रिक्स' मालिकेच्या २००३ साली आलेल्या दोन चित्रपटांच्या सेटचा सुमारे ९७ टक्के माल पुन्हा वापरात गेला. त्यातले टनावारी लाकूड मेक्सिकोत गरिबांची घरे बांधायला गेले. 'द अमेझिंग स्पायडर-मॅन २' (२०१४) च्या निर्मात्यांनी अशा उपायांतून चार लाख डॉलर वाचल्याचे सांगितले. म्हणजे हा केवळ खर्चाचा शौक नाही, नफ्याचाही मार्ग आहे.

कपड्यांचेही तसेच. एक किलो सुती कापड शेतापासून दुकानापर्यंत येईतो जगाच्या सरासरीने सुमारे दहा हजार लिटर पाणी खाते. शंभर नाचणाऱ्यांचे पोशाख एका गाण्यासाठी शिवून गोदामात सडवणे ही पाण्याची आणि कारागिरीची दोन्हींची फिजूलखर्ची आहे. मुंबईतले ड्रेसवाले पोशाख भाड्याने देतात, ही आपली जुनी आणि चांगली रीत आहे. शिलाईत मार्जिन ठेवले, किनार व दुपट्टा बदलता येईल असे बेतले, तर एकच पोशाख पुष्कळ वेळा चालतो.

साठवणीची काळजी मात्र घ्यावी. २०१७ साली चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली, त्यात कित्येक वर्षांचे जतन केलेले पोशाख जळून गेले. कापडाचे गोदाम आणि गरम दिवे-वायरिंग यांच्यात अंतर असावे. कमी तापणारा दिवा या दृष्टीनेही बरा.

निर्मात्याने काय करावे?

१) शक्य तिथे वीज कंपनीचे तात्पुरते कनेक्शन घ्यावे. डिझेलची वीज नुसत्या तेलाच्या भावाने युनिटला २५ रुपयांच्या वर पडते. भाडे आणि ऑपरेटर वेगळे. मीटरची वीज त्याहून पुष्कळ स्वस्त येते.

२) जनरेटरच्या भाड्याच्या करारात डिझेल वेगळे लिहावे आणि तास दाखवणारा मीटर रोज वाचावा. सगळे एकाच ठोक रकमेत असले तर जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद करण्यात कोणाचाच फायदा नसतो, म्हणून ते चालूच राहते.

३) मेकअप, व्हॅनिटी आणि चार्जिंग यांसाठी मोठा जनरेटर रात्रभर चालवू नये. एवढ्या कामाला बॅटरीचा संच पुरतो. रिकाम्या व्हॅनचा एसी बंद ठेवावा.

४) नवीन जनरेटर घेणाऱ्याने १ जुलै २०२३ पासून लागू झालेले केंद्रीय प्रदूषण मंडळाचे नियम पाहावेत. ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या मशिनांना ते लागू आहेत.

५) एका भागातली सगळी दृश्ये एकत्र उरकावीत. गाड्यांच्या फेऱ्या कमी झाल्या की डिझेल वाचते आणि दिवसही वाचतात.

६) पिण्याच्या पाण्याचे मोठे जार आणि स्टीलची ताटे ठेवावीत. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच.

आपल्या धंद्याला यात काय?

काही बंधू म्हणतील, निर्माता कमी कापड, कमी लाकूड घेईल, तर आमचे नुकसानच आहे. ही भीती अगदीच खोटी नाही. ज्याचा धंदा केवळ एकदा वापरून फेकण्याच्या मालावर आहे, त्याला फटका बसेल. पण दुरुस्ती, रफू, भाड्याने देणे, सेटच्या चौकटी बनवून फिरवणे, एलईडी आणि बॅटरी भाड्याने देणे, स्कीमरचे कापड मापाने शिवून देणे ही सगळी हातांची कामे आहेत. मालाचा खप घटला तरी हुन्नराची किंमत वाढते. 'मुघल-ए-आझम'चे पोशाख दिल्लीच्या शिंप्यांनी शिवले, भरतकाम सुरत-खंभातच्या कारागिरांनी केले, दागिने हैदराबादचे आणि मुकुट कोल्हापूरचे होते. ते काम आजही लोक नावाजतात. टिकाऊ मालाची मागणी ही चांगल्या कारागिराच्या फायद्याची मागणी आहे.

परदेशी कंपन्यांबरोबर काम करणाऱ्या निर्मात्यांना वीज, इंधन आणि कचऱ्याचा लेखी हिशोब ठेवण्याची सवय लावावी लागेल. ब्रिटनमध्ये २०११ पासून अल्बर्ट नावाची संस्था निर्मात्यांना असा हिशोब करायला शिकवते. जो पुरवठादार आपल्या बिलासोबत मालाचे वजन, परत घेण्याची अट आणि जनरेटरचे तास लिहून देईल, त्याचे काम निर्मात्याला सोपे वाटेल. कागद नीट ठेवणे, हे आपल्या अनेक दुकानांत अजून शिकायचे आहे.

साधनांच्या कमतरतेतही काम होते, हे मालेगावने दाखवले आहे. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' बनवला. तिथल्या चित्रपटांत यंत्रमागावरचे कामगारच नट झाले. २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात दिसते की, कॅमेरा फिरवायला त्यांनी सायकल वापरली आणि क्रेनचे काम बैलगाडीकडून घेतले. त्यांनी हे गरजेपोटी केले. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने तेच हिशोबापोटी करावे. सेटवरचा प्रत्येक दिवा लावण्यापूर्वी 'याची गरज आहे काय?' एवढे विचारणारा एक माणूस निर्मात्याने नेमला, तर त्याचा पगार डिझेलच्या बचतीतूनच निघेल.