कोवळ्या बचावफळीचा अर्धा हंगाम

२९ नोव्हेंबर २०१७ रोजी आपल्या बांबोळीच्या मैदानावर इंडियन ॲरोजने चेन्नई सिटीला ३-० असे नमविले, तेव्हा टाळ्या पडल्या त्या कोल्हापूरच्या अनिकेत जाधवच्या दोन गोलांना. बचावफळीकडे पाहण्याची आपल्याला सवयच नाही! वास्तविक आय-लीगच्या त्या हंगामाच्या पूर्वार्धात खरी कसोटी लागली ती तिचीच. प्रतिस्पर्ध्यांच्या आघाडीवर मुरलेले परदेशी खेळाडू. ॲरोजमध्ये परदेशी एकही नाही आणि मुले विशीच्या आतील. तरीही डिसेंबरअखेर मोहन बागानला त्यांनी कोलकात्यात १-१ असे रोखले. अन्वर अली व जितेंद्र सिंग यांची जागा न सोडण्याची शिस्त आम्हांस मोलाची वाटते. अंगबळ मात्र शिस्तीने येत नाही, त्याला वय लागते. त्यातच मध्यावर गोलरक्षक धीरज सिंग संघ सोडून गेला आणि मागची घडी नव्याने बसवावी लागली. संघ अखेरीस तळाला राहिला. परंतु त्यास खालच्या श्रेणीत जाण्याचे भय नव्हते. मग त्याचे मोल गुणतक्त्यावरून का ठरवावे? २०२२ मध्ये महासंघाने हा संघच बंद केला. अन्वर तोवर राष्ट्रीय संघाच्या बचावफळीत पोहोचला होता.